बंद शटरमागे ऐकू जावं म्हणून

हल्लीच्या हॉलमध्ये टीव्ही दिसतो आणि त्याखाली काहीच दिसत नाही. मागे उभ्या पट्ट्यांचं पॅनेल, खाली भिंतीला अधांतरी लटकवलेलं लांबलचक युनिट, त्याला हँडलसुद्धा नसलेली शटरं. सेट-टॉप बॉक्स, स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे अ‍ॅम्प, राउटर, वायरांचा गुंता, सगळं आत. इंटिरियरवाल्याच्या थ्रीडी चित्रात हे फार देखणं दिसतं, कारण चित्रातली माणसं चॅनेल बदलत नाहीत. राहायला गेल्यावर महिनाभरात त्यातलं एक शटर कायम वीतभर उघडं राहायला लागतं आणि पाहुणे आले की कुणीतरी पायाने ते लोटून देतं.

भांडण सरळ आहे. एका बाजूला १८ मिलिमीटरचा प्लाय आणि त्यावर १ मिलिमीटरचा सनमायका, दुसऱ्या बाजूला रिमोटच्या टोकाचा तो बारीकसा एलईडी. त्यातून निघतो तो प्रकाशच, फक्त ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा, डोळ्याला न दिसणारा, म्हणजे इन्फ्रारेड. भिंतीवरून, छतावरून तो परततो, म्हणून रिमोट उलटा धरूनही कधीकधी चॅनेल बदलतं. लाकडातून मात्र जात नाही. प्रकाशाने यंत्र चालवायची ही खोड जुनीच. अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीने १९५५ साली टॉर्चसारखा रिमोट काढला होता. टीव्हीच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे सेल होते, आणि खिडकीतून ऊन आलं की टीव्ही आपोआप काहीबाही करायला लागे. पुढच्याच वर्षी त्यांनी प्रकाश सोडून ऐकू न येणाऱ्या आवाजावर चालणारा रिमोट आणला. इन्फ्रारेड त्यानंतर बऱ्याच वर्षांनी रुळला. आजही ऊन आणि दिवे त्याला त्रास देतातच, त्याकडे पुढे येऊ.

पण शटर लावल्यावर आत जाणारी वाट तेवढीच बंद होत नाही, बाहेर येणारी बातमीही बंद होते. बॉक्सचा लाल दिवा हिरवा झाला का, अ‍ॅम्पच्या पट्टीवर कुठला इनपुट आलाय, हे आपण नकळत बघत असतो. रिमोटला स्वतःला यातलं काही कळत नाही. तो साधं कार्ड टाकतो, जोडकार्ड नव्हे. पलीकडून उत्तर यायची सोयच नसते. उघड्या रॅकमध्ये ते उत्तर आपले डोळे देत होते. म्हणून यंत्रं लपवायची तर कामं दोन आहेत: हुकूम आत पोचवणं, आणि आत काय स्थिती आहे ते बाहेरून कळण्याची काहीतरी तजवीज करणं. बाजारात मिळणारी बहुतेक सामग्री पहिलंच काम करते. घराघरांतली चिडचिड दुसऱ्यामुळे होते.

सगळ्यात स्वस्त उपाय सुताराच्या हातात असतो, पण तो सनमायका चिकटवायच्या आधी. शटरच प्रकाश सोडणारं करायचं. वेताच्या जाळीची शटरं सध्या चलनात आहेत. त्यातून इन्फ्रारेड आरामात जातो आणि हवाही खेळते. स्पीकरच्या जाळीचं पातळ कापड लाकडी चौकटीवर ताणून लावलं तरी काम होतं. मूळ काचेतच रंग असलेली धुरकट टिंटेड काच बहुधा चालते. मागून रंग दिलेली लॅकर्ड काच, आरसा आणि आरशासारखी चकाकणारी परावर्तक काच चालत नाहीत. यात अंदाजाला जागा नको. दुकानातून नमुन्याचा तुकडा आणायचा, बॉक्सच्या पुढे बोटभर अंतरावर धरायचा आणि नेहमीच्या सोफ्यावरून, सरळ आणि तिरकं, दोन्हीकडून बटन दाबून बघायचं. वेताची जाळी आवडत नसेल तर पुढचं सगळं रामायण आहे.

ते सुरू करण्याआधी, आतल्या कुठल्या यंत्राला कान कसले आहेत हे तपासावं लागतं. मोबाइलचा पुढचा कॅमेरा सुरू करून रिमोटचा एलईडी त्यासमोर धरा आणि बटन दाबा. जांभळट-पांढरी लुकलुक दिसली तर इन्फ्रारेड. पुढचा कॅमेरा अशासाठी, की मागच्या कॅमेऱ्यांत बऱ्याचदा इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर चांगला असतो आणि काही दिसत नाही. लुकलुक नसेल तर दुसरी खूण: रिमोटचं टोक मुठीत गच्च झाकून दाबा. तरीही यंत्र चाललं तर तो ब्लूटूथ किंवा रेडिओवर बोलतोय, त्याला शटरची पर्वा नाही. अँड्रॉइडवर चालणाऱ्या नव्या सेट-टॉप बॉक्सांच्या रिमोटमध्ये दोन्ही प्रकार एकत्र सापडतात: पॉवरचं बटन इन्फ्रारेड, बाकीची ब्लूटूथ. म्हणजे शटर बंद असताना चॅनेल बदलतं पण बॉक्स चालू होत नाही, आणि माणूस सेल बदलत बसतो. म्हणून एकच बटन तपासून थांबू नये. पॉवर, व्हॉल्यूम, बाण आणि आकडे वेगवेगळे तपासावेत. फायर टीव्ही स्टिकसारख्या स्टिक इन्फ्रारेड ऐकतच नाहीत. त्यांच्या रिमोटमध्ये इन्फ्रारेड असतो तो टीव्हीचा आवाज आणि पॉवर चालवायला. प्लेस्टेशन ४ आणि ५ सुद्धा इन्फ्रारेडला बहिरे. त्यामुळे 'सगळं एका रिमोटवर' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं की आधी आत काय काय आहे ते विचारावं.

जे इन्फ्रारेडवाले उरले त्यांच्यासाठी सरळ, टिकाऊ आणि इंटरनेटची मिंधी नसलेली सोय म्हणजे आयआर (इन्फ्रारेड) एक्स्टेंडर. त्यात तीन वस्तू असतात. बाहेर दिसेल असा एक डोळा, आत एक छोटी डबी, आणि डबीतून निघणाऱ्या वायरांच्या टोकाला चिकटवायचे बारीक एलईडी, ज्यांना एमिटर म्हणतात. डोळा रिमोटचं ऐकतो, डबी तेच एमिटरवर पुन्हा लुकलुकवते. जोडण्या ३.५ मिलिमीटरच्या पिनांच्या. डोळ्याची पिन तीन भागांची असते, कारण वीज, सिग्नल आणि ग्राउंड. एमिटरची दोन भागांची. वायर अपुरी पडली म्हणून डोळ्याला दोन भागांची एक्स्टेंशन लावली की डोळा मेला, आणि दोष किटला जातो.

वीज कुठून घ्यायची हा प्रश्न फालतू वाटतो, पण निम्म्या तक्रारी इथून निघतात. टीव्हीच्या मागे यूएसबी आहे म्हणून डबी त्यात खुपसतात. बहुतेक टीव्ही बंद झाले की त्या यूएसबीची वीज जाते. मग टीव्ही चालू झाल्याशिवाय डोळा जागा होत नाही, आणि टीव्ही आधी बंद केला तर आतला बॉक्स तसाच रात्रभर चालू राहतो. डबीला स्वतःचा अडॅप्टर हवा, आणि तो सतत चालू असलेल्या पॉइंटवर.

डोळा बसवताना सुताराला मोजमाप द्यावं लागतं, नाहीतर तो मागून ८ मिलिमीटरचं भोक पाडून त्यात डोळा सारतो. १८ मिलिमीटर जाडीच्या मागे बसलेला डोळा बोगद्यातून बघतो. सरळ समोरच्या सोफ्यावरून चालतो, बाजूच्या खुर्चीवरून नाही. आतला सेन्सर प्रत्यक्षात दोन्ही बाजूंना ४५ अंशांपर्यंत ठीक बघू शकतो. तेव्हा मागच्या बाजूने ड्रिलच्या मोठ्या बिटने प्लाय कोरून पुढे जेमतेम ३ मिलिमीटर ठेवावा, किंवा डोळ्याचं तोंड पृष्ठभागाच्या बरोबरीने बाहेर आणावं. जागा टीव्हीच्या खाली, पडद्यापासून थोडी लांब. पडद्याच्या कडेला चिकटवलेला डोळा काही टीव्हींच्या प्रकाशाने गोंधळतो.

एमिटर बॉक्सवर कुठेही चिकटवून चालत नाही. बॉक्सच्या काळ्या चकचकीत पट्टीवर जवळून टॉर्च मारा. आत डाळीच्या दाण्याएवढा गोल उंचवटा दिसेल. तोच सेन्सर. त्याच्या बरोबर समोर एमिटर ठेवून आधी साध्या टेपने धरायचा, दहा-बारा बटनं दाबून बघायचा आणि मगच मागचा कागद सोलून कायमचा चिकटवायचा. पट्टी आधी पुसून कोरडी करा. आतल्या उष्णतेत धुळीवर चिकटवलेला एमिटर पहिल्याच उन्हाळ्यात गळून पडतो. कधी उलटंही होतं: एमिटर इतका जोरकस असतो की सेन्सर भांबावतो, एकदा दाबलेलं दोनदा लागतं किंवा लागतच नाही. तेव्हा एमिटर अर्धा इंच बाजूला सरकवायचा. एमिटर बसला की त्यावर आणि सेन्सरवर मिळून काळी इन्सुलेशन टेप लावणं हे माझ्या मते सक्तीचं काम आहे, आणि किटसोबतच्या कागदावर ते क्वचितच लिहिलेलं असतं. त्याची कारणं दोन. एमिटरचा उजेड शटरच्या फटीतून बाहेर येऊन डोळ्यात गेला तर डबी स्वतःचंच बोलणं ऐकून तेच पुन्हा बोलत राहते, डबीवरचा दिवा थांबता थांबत नाही आणि काहीच चालत नाही. दुसरं, शटर अर्धवट उघडं असताना रिमोटचा मूळ उजेड आणि एमिटरचा उजेड दोन्ही बॉक्सला पोचतात. डबीतून जायला मधल्या सेन्सरला पाव मिलीसेकंदाच्या आसपास वेळ लागतो. संकेतातल्या एका ठिपक्याची लांबीच अर्धा मिलीसेकंद असल्यामुळे दोन्ही मिळून सगळं फिसकटतं. शटर बंद असताना चालतं आणि उघडं असताना चालत नाही, या कोड्याचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं.

हे ठिपके काय असतात ते थोडं उघडून बघायला हवं, कारण युनिव्हर्सल रिमोटच्या सगळ्या खोड्या त्यातून येतात. रिमोट नुसता एलईडी चालू-बंद करत नाही. चालू असतानाही तो सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा फडफडवतो. बल्ब, ऊन, समई यांच्या उजेडातून आपला उजेड वेगळा ओळखू यावा म्हणून ही ३८ किलोहर्ट्झची खूण. सोनीचे रिमोट ४० वर चालतात, फिलिप्सच्या जुन्या आरसी-५ पद्धतीत ३६. एकाच सेन्सरला हे तिन्ही ऐकू येतात, फक्त अंतर कमीजास्त होतं. ५६ किलोहर्ट्झवाला एखादा बॉक्स आला तर साधा डोळा त्याच्यापुढे हात टेकतो. सीएफएलचे आणि ट्यूबचे काही इलेक्ट्रॉनिक चोक नेमके याच पट्ट्यात फडफडतात, म्हणून संध्याकाळी दिवे लागले की रिमोटचा पल्ला कमी झाल्यासारखा वाटतो. सेन्सर सततच्या गोंगाटापुढे आपली संवेदनक्षमता स्वतःहून कमी करतो, त्याचा हा परिणाम.

सर्वांत जास्त दिसणाऱ्या एनईसी पद्धतीत आधी ९ मिलीसेकंदांचा सलग ठोका, मग ४.५ मिलीसेकंद शांतता, आणि मग ३२ बिट, म्हणजे शून्य-एकची ३२ अक्षरं. शून्याला १.१२५ मिलीसेकंद, एकाला २.२५. बटन दाबून धरलं तर तेच वाक्य पुन्हा येत नाही. दर ११० मिलीसेकंदांच्या आसपास 'तेच ते' एवढाच एक छोटा ठोका येतो. सोनीचा खाक्या वेगळा: अख्खा संदेश किमान तीनदा. आरसी-५ मध्ये आणखी एक गंमत आहे, एक टॉगल बिट. प्रत्येक नव्या दाबण्याला तो बिट उलटतो, म्हणजे टीव्हीला कळतं की माणसाने बटन सोडून पुन्हा दाबलंय की धरूनच ठेवलंय.

हौस असेल आणि हातात सोल्डरगन धरता येत असेल तर हा एक्स्टेंडर घरीही होतो. सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत एका फेरीत मिळतं. टीएसओपी१७३८ हा सेन्सर, एनई५५५ ही आयसी, बीसी५४७ ट्रान्झिस्टर, एक इन्फ्रारेड एलईडी आणि मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर. टीएसओपी ३८ किलोहर्ट्झची फडफड काढून टाकून नुसते ठिपके देतो, म्हणून तो थेट एलईडीला जोडला तर पलीकडच्या बॉक्सला काही समजत नाही. फडफड पुन्हा मिसळावी लागते, त्यासाठी ५५५. तिच्या ७ नंबरच्या पायापासून वर ५ व्होल्टला १ किलोओहम, ७ आणि ६ च्या मध्ये १८ किलोओहम, २ आणि ६ एकत्र जोडून तिथून ग्राउंडला १ नॅनोफॅरड. हिशेबाने ३८.९ किलोहर्ट्झ येतात. नेमकं जुळवायचं तर १८ किलोच्या जागी १५ किलो आणि त्याला सलग ५ किलोचा प्रीसेट, म्हणजे फिरवून कमीजास्त करता येणारा रेझिस्टर. टीएसओपीचा पाय शांत असताना वर असतो आणि संकेत आला की खाली जातो, म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर उलटा अर्थ लावायला. टीएसओपीचं आउटपुट १० किलोमधून ट्रान्झिस्टरच्या बेसला, ट्रान्झिस्टरचा एमिटर (हा त्याचा पाय, वरचा एलईडी नव्हे) ग्राउंडला, कलेक्टर ५५५ च्या ४ नंबरच्या रीसेटला, आणि रीसेटपासून ५ व्होल्टला आणखी एक १० किलो. ३ नंबरच्या पायातून १०० ओहम आणि पुढे एलईडी. त्यातून सुमारे २० मिलिअँपियर जातात, बॉक्सवर चिकटवायला तेवढे भरपूर. टीएसओपीच्या वीजवाटेत १०० ओहम आणि ४.७ मायक्रोफॅरड घालायला कंटाळू नका. स्वस्त चार्जरच्या गोंगाटाने सेन्सर काही नसतानाही ठिपके काढत बसतो, आणि मग चूक सर्किटमध्ये शोधण्यात संध्याकाळ जाते.

आता हातातला रिमोट. गल्लीतल्या दुकानात मिळणारा युनिव्हर्सल रिमोट दोन तऱ्हेचा असतो. एकात कंपन्यांचे कोड आधीच भरलेले. कागदावरचा आकडा द्यायचा किंवा सेट आणि पॉवर दाबून शोध लावायचा आणि टीव्ही बंद झाला की त्या क्षणी थांबायचं. दुसरा शिकणारा, मूळ रिमोट त्याच्या तोंडाला तोंड लावून एकेक बटन गिरवून घ्यायचं. डीटीएचच्या बऱ्याच रिमोटवर टीव्हीचं पॉवर, आवाज आणि म्यूट यांच्यापुरती ही शिकण्याची सोय असते. शिकवताना दोन्ही रिमोट टेबलावर सपाट, मध्ये तीन-चार सेंटिमीटर अंतर, खिडकीचा पडदा ओढलेला, मूळ रिमोटमध्ये नवे सेल. बटन एकदा नीट दाबून सोडायचं. फार वेळ धरलं तर शिकणारा रिमोट मूळ वाक्याऐवजी ते 'तेच ते' टिपून घेतो आणि बॉक्स ढिम्म. सोनीच्या बाबतीत उलट होतं, एकदाच टिपलेला संदेश एकदाच पाठवला गेला तर टीव्ही दखल घेत नाही. आरसी-५ वाल्या यंत्रात शिकलेला टॉगल बिट गोठलेला असतो. पहिलं दाबणं लागतं, दुसरं लागत नाही, कारण टीव्हीला वाटतं तुम्ही अजून बटन सोडलेलंच नाही. मधे दुसरं एखादं बटन दाबलं की पुन्हा एकदा लागतं. अशा यंत्रासाठी शिकवण्याच्या फंदात न पडता आधीच भरलेला कोड शोधावा. त्यात तो बिट जिवंत असतो.

आणि मग येतं खरं दुखणं, पॉवरचं लाल बटन. मूळ रिमोटवर ते एकच असतं. चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. यंत्र डोळ्यांसमोर आहे तोवर याचं काही वाटत नाही. तीन यंत्रं शटरमागे गेली आणि एका बटनावर तिघांची पॉवर बांधली, की एखाद्या दिवशी अ‍ॅम्पला संदेश चुकतो आणि तिथून पुढे सगळं उलटं: टीव्ही चालू होताना अ‍ॅम्प बंद होतो. वीज गेली-आली की आणखी भर. आल्यावर काही यंत्रं स्टँडबायला जातात, काही थेट चालू होतात, ज्याचा त्याचा स्वभाव. आपल्याकडे दिवसातून दोनदा अर्ध्या मिनिटाची वीज जाणं ही काही बातमी नाही, त्यामुळे लाल बटनावर बांधलेली मांडणी इथे टिकत नाही, मग रिमोट कितीही भारी असो.

उपाय म्हणजे 'चालू हो' आणि 'बंद हो' यांचे वेगळे कोड. सॅमसंग आणि एलजीचे अनेक टीव्ही ते ऐकतात, बहुतेक चांगले अ‍ॅम्पही; फक्त मूळ रिमोटवर त्यांची बटनं नसतात, म्हणून ते शिकवता येत नाहीत, भरावे लागतात. कंपन्या बसवणाऱ्यांसाठी कोडचे तक्ते काढतात, त्यात ते सापडतात. इनपुटचंही तसंच. 'सोर्स' दाबून चारदा खाली जाण्याचा मॅक्रो, म्हणजे एका बटनावर ओवलेली हुकमांची माळ, बांधू नये. एचडीएमआय १ साठी थेट कोड शोधावा. सेट-टॉप बॉक्सकडे असे वेगळे कोड नसतात तेव्हा एक युक्ती काही बॉक्सांवर चालते: झोपलेला बॉक्स आकड्याच्या बटनाने जागा होतो आणि जागा असेल तर त्या आकड्याने फार बिघडत नाही. आधी आकडा, थोडं थांबून पॉवर, म्हणजे तो नक्की बंद होतो. नुसता आकडा, म्हणजे नक्की चालू. बॉक्स कधी बंदच करायचा नाही हाही एक पंथ आहे. १० वॅट घेणारा बॉक्स चोवीस तास चालला तर महिन्याला ७.२ युनिट, शिवाय बंद कपाटातली उष्णता वेगळी.

योगायोगाने घरातला एसीचा रिमोट या बाबतीत सगळ्यांत शहाणा असतो. तो प्रत्येक वेळी तापमान, मोड, पंखा, सगळी स्थिती एकदम पाठवतो. '२४ अंश, थंड, पंखा मध्यम' असं एक बटन शिकवून ठेवलं तर आधी काय होतं याचा प्रश्नच येत नाही. टीव्हीवाल्यांना हे का सुचू नये कोण जाणे.

मॅक्रो बांधताना घाई नडते. टीव्ही आणि अ‍ॅम्प यांना चालू व्हायचा हुकूम लागोपाठ द्यावा, मध्ये अर्धा सेकंद. मग ६ ते ८ सेकंद गप्प. अ‍ॅम्प जागा होईपर्यंत आलेला इनपुटचा हुकूम तो गिळून टाकतो. त्यानंतर अ‍ॅम्पचा इनपुट, मग टीव्हीचा, शेवटी बॉक्स. आधी मोठे थांबे ठेवावेत आणि आठवडाभर नीट चाललं की एकेक सेकंद कमी करावा. हातातल्या रिमोटने असा दहा सेकंदांचा मॅक्रो चालवताना माणूस दोन सेकंदांत रिमोट सोफ्यावर टाकतो आणि उरलेला मॅक्रो उशीला ऐकू जातो. यावर शिकवण देऊन उपयोग होत नाही. मॅक्रो आतल्याच यंत्राने पाठवणं हा मार्ग.

त्यासाठी वाय-फायवरून हुकूम घेऊन इन्फ्रारेड फेकणारे आयआर ब्लास्टर आहेत, ब्रॉडलिंकच्या आरएम४ मिनीसारखे. मुठीएवढी डबी शटरच्या आत ठेवायची. कपाटाला आतून पांढरा सनमायका असेल तर उजेड सगळीकडे परतून पोचतो आणि एमिटर चिकटवायलाही लागत नाहीत. हे बहुधा २.४ गिगाहर्ट्झवरच जोडतात, ५ वर नाही. दोन्हींना एकच नाव दिलेल्या राउटरवर पहिली जोडणी अडते ती यामुळे. कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून राहणारा ब्लास्टर नेट गेलं की आंधळा होतो. आणि कंपनीचा भरवसा किती धरायचा? या धंद्यात सगळ्यांत नावाजलेले हार्मनी रिमोट लॉजिटेकने एप्रिल २०२१ मध्ये बनवणं थांबवलं. घरातल्या घरात चालणारं होम असिस्टंट हे यंत्रं सांभाळणारं सॉफ्टवेअर जुन्या लॅपटॉपवर बसवायची तयारी असेल तर हरवलेलं उत्तरही परत मिळवता येतं: अ‍ॅम्पच्या पॉइंटला वॅट मोजणारा स्मार्ट प्लग लावायचा. दोन वॅटच्या खाली असेल तर अ‍ॅम्प झोपलाय, वीस-तीसच्या वर असेल तर जागा. हुकूम पाठवण्याआधी हे तपासायचं आणि गरज असेल तरच लाल बटन दाबायचं. डेनॉन, यामाहा, ओंक्यो यांचे नेटवर्कवाले अ‍ॅम्प तर विचारलं की स्वतःच स्थिती सांगतात. त्यांच्यासाठी इन्फ्रारेडची गरजच नाही, फक्त स्टँडबायमध्ये नेटवर्क चालू ठेवण्याची सेटिंग लावावी लागते.

एचडीएमआयच्या १३ नंबरच्या पिनवरून चालणारी सीईसी, म्हणजे जोडलेल्या यंत्रांनी त्याच वायरीतून एकमेकांना हुकूम द्यायची पद्धत, ही सगळ्यात फुकट सोय. सॅमसंग तिला एनीनेट प्लस म्हणतं, सोनी ब्राव्हिया सिंक, एलजी सिंपलिंक. टीव्ही आणि अ‍ॅम्प एवढेच दोघे असतील तर ती चालू करावी आणि टीव्हीच्याच रिमोटने आवाज चालवावा. तिसरं-चौथं यंत्र आलं की कोण कोणाला उठवतं आणि इनपुट कोण पळवतं याचा नेम राहत नाही. तेव्हा एकेकाची सीईसी बंद करत जावी. सीईसी आणि मॅक्रो दोघांनाही पॉवरचं काम देऊ नये. एकाने उठवलेल्याला दुसरा झोपवतो.

कपाटातल्या हवेबद्दल फर्निचरवाल्याशी भांडावंच लागतं. अ‍ॅम्पच्या वर किमान १० सेंटिमीटर मोकळं, मागे ५, खाली हवा यायला आणि वर जायला फट. पाठीमागे पूर्ण प्लाय ठोकू देऊ नये. संगणकाचा १२० मिलिमीटरचा १२ व्होल्टचा पंखा ९ व्होल्टवर चालवला तर आवाज जवळपास येत नाही. त्याला डब्ल्यू१२०९ सारखं स्वस्त तापमान-रिले लावून ४० अंशांना चालू, ३५ ला बंद ठेवायचं. मुंबई-कोकणात पावसाळ्यात उलटी काळजी, ओल. आणि बारमाही काळजी झुरळांची. उबदार, अंधारी, कुणी हात न लावणारी जागा म्हणजे सेट-टॉप बॉक्सचं पोट. वायरांच्या भोकाला झाकणवाला वायर मॅनेजर बसवून उरलेली फट ब्रशच्या पट्टीने बुजवली आणि पंख्याच्या तोंडाला बारीक जाळी लावली की बराच बंदोबस्त होतो.

काही गोष्टी मात्र लपवूच नयेत. सेट-टॉप बॉक्स अधूनमधून लटकतो आणि मुख्य स्विच बंद करून चालू केल्याशिवाय उठत नाही. तो स्विच शटरच्या मागे, अ‍ॅम्पच्याही मागे असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांनी काय करावं? त्याचं बटन बाहेरच्या बोर्डावर आणावं. रिचार्जच्या वेळी किंवा तक्रारीसाठी लागणारा व्हीसी (व्ह्यूइंग कार्ड) नंबर बॉक्सच्या पोटाला चिकटवलेला असतो. त्याचा मोबाइलने फोटो काढून, मोठ्या अक्षरात लिहून शटरच्या आतल्या बाजूला चिकटवावा. त्याच कागदावर कुठली एचडीएमआय कुठे जाते, युनिव्हर्सल रिमोटचे कोड कोणते आणि मॅक्रोत किती सेकंद थांबायचं हेही लिहावं, कारण सेल संपून तासभर तसेच राहिले तर काही स्वस्त रिमोट शिकलेलं सगळं विसरतात. सेल बदलताना जुने काढण्याआधी नवे हातात ठेवावेत. साधे झिंकचे असोत की अल्कलाइन, सेल रिमोटमध्ये वर्षानुवर्षं राहिले की पाझरू शकतात आणि स्प्रिंग खातात.

मूळ रिमोट नव्याच्या आनंदात भंगारात जाऊ देऊ नयेत. त्यांचे सेल काढायचे, पाठीवर मार्करने यंत्राचं नाव लिहायचं आणि एका डब्यात घालून ठेवायचे. युनिव्हर्सल रिमोट पडून फुटला तर त्याच्या जागी येणाऱ्याला शिकवायला तेच लागतात.